अठ्ठावीस दिवसांचा महिना

सातपूरला, पिठाच्या गिरणीला लागून
माझं साडेचार फुटांचं दुकान.
काचेवर अजून जुना कागद आहे:
दहा रुपयांपासून रिचार्ज.
काढायचा राहून गेला.
दहाचं आता काहीच होत नाही,
तरी माणसं विचारतात,
कोरडा नळ जाता जाता फिरवून बघावा तशी.

फोनचा महिना अठ्ठावीस दिवसांचा.
अंबडच्या ठेकेदाराचा एकतीसचा,
आणि वर दहा दिवस उद्या-उद्याचे.
हे दोन महिने एकमेकांपासून सरकत जातात
आणि मधल्या फटीत माणसं गप्प होतात.
पूर्वी निदान येणारे फोन यायचे.
एक मिस कॉल म्हणजे पोचलो,
दोन म्हणजे भाकरी टाक.
आता तेही नाही.

माझी उधारीची वही म्हणजे ही फटच आहे.
रुखसाना ब्लाउजवाली, दोनशे, शनिवारी देते.
झनकर वॉचमन, ऐंशी बाकी,
पोरीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता.
आणि एप्रिलच्या पानावर,
खोडलेली,
पुंजाबाई.

आडनाव पगारे. स्वतःच हसते,
नावात तेवढा पगार आहे म्हणते.
द्राक्षांच्या पॅकहाउसवर हंगामी,
द्राक्षं संपली की हात मोकळे.
तेव्हा आली होती. मी म्हणालो,
मावशी, मागचेच राहिलेत.
म्हणाली, बरं.
एवढंच म्हणाली.

तिच्या डाव्या हातावर गोंदलंय:
एक विंचू, भावाचं नाव, आणि खाली दहा आकडे.
गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात, मशीनवाल्याकडून.
पोराला नंबर तोंडपाठ होता,
तिलाच राहत नव्हता.

पोरगा मिलिंद, तिकडे गुजरातेत,
इंटरनेटची तार जमिनीत पुरायच्या कामावर.
रस्त्याकडेनं मैलोन् मैल चर खणतो.

दिवाळीच्या आधी परत आली.
भांड्यांचे पैसे मिळाले होते, रुमालात बांधलेले.
टाका म्हणाली.
मी नंबर घातला. मशीन म्हणालं, यशस्वी.
तिचा फोन मात्र मेलेलाच.
पुन्हा बघितलं, आणि मग मला कळलं.
सहा महिने बंद राहिलेला नंबर
कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते.
पैसे त्या दुसऱ्याला गेले.

हे तिला कसं सांगायचं
ते कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेलं नाही.

मी माझ्या फोनवरून लावला,
तिच्या हातावर बघून बघून.
पलीकडे पोरगी. मागे शिलाई मशीनचा आवाज.
परभणीहून बोलते म्हणाली.
म्हणाली, अहो, आत्ताच कुणीतरी रिचार्ज मारला, तुम्हीच का?
मी सगळं सांगितलं.
ती जरा वेळ बोललीच नाही, मशीनही थांबलं.
मग म्हणाली,
एक जण फोन करतो. रात्री, दर दोन-चार दिवसांनी.
आधी नुसतं आई म्हणायचा.
मी राँग नंबर म्हणायचे.
आता तोही राँग नंबर का विचारतो, आणि ठेवतो.
ब्लॉक करणार होते, ताई.
नाही केला.

पुंजाबाईनं फोन दोन्ही हातांत धरला होता,
गरम कप धरावा तसा.
जेवलीस का, असं तिनं त्या पोरीला विचारलं.
नाव विचारलं. मग माझ्याकडे वळून,
चांगल्या घरी गेला हो माझा नंबर.

नवं सिम मी फुकट दिलं.
वहीत काय लिहू, कळेना.
पोरगी पलीकडून मिलिंदचा नंबर सांगत होती, सावकाश,
दोन-दोन आकडे.
मी कागद शोधत होतो.
कागद नको, पुंजाबाई म्हणाली,
पेन द्या इकडं,
आणि तिनं उजवा हात पुढे केला,
मोकळा, अजून काहीच न लिहिलेला.